कोल्हापूर ते कॅम्प नोऊ : दहावीच्या पोरांना घेऊन स्पेनला जायचं, तर आखणी कशी करायची?

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच बघून घरी यायचं, जेवायचं आणि रात्री साडेबाराला परत टीव्हीपुढं बसायचं, कारण तिकडं बार्सिलोनाची मॅच सुरू होते. कोल्हापुरातल्या पेठांमधल्या कित्येक घरांत हे नवीन नाही. तालमींचा फुटबॉल बघत वाढलेल्या पोरांना रिअल माद्रिद आणि बार्साच्या संघातले अकराच्या अकरा खेळाडू तोंडपाठ असतात. विश्वचषक आला की चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे कटआउट लागतात. १७ वर्षांखालचा विश्वचषक २०१७ मध्ये भारतात झाला, तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

त्यामुळं घरात युरोपचा विषय निघाला की आई-बाबा पॅरिस आणि स्वित्झर्लंड म्हणतात आणि पोरं स्पेन म्हणतात. आठ-नऊ दिवस, दोन शहरं आणि जमली तर एक मॅच. ऐकायला सोपं वाटतं. पण यात पासपोर्ट, व्हिसा, दहावीची परीक्षा, अकरावीचा प्रवेश आणि स्पॅनिश लीगचं वेळापत्रक या पाच गोष्टी एकमेकांत अडकलेल्या आहेत. एक चुकली की घरातले काही लाख रुपये पणाला लागतात.

आधी कॅलेंडर, मग तिकीट

महाराष्ट्र बोर्डाची दहावीची परीक्षा अलीकडं फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होऊन मार्चच्या मध्यावर संपते. निकाल मे महिन्यात लागतो. २०२५ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाला आहे, म्हणजे निकालानंतर पसंतीक्रम भरणं, यादी बघणं आणि ठरलेल्या मुदतीत प्रवेश निश्चित करणं आलं. त्या दिवसांत घर माद्रिदमध्ये असेल, तर हॉटेलच्या वायफायवर कॉलेजचे पर्याय भरत बसायची वेळ येते. म्हणून ‘मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ’ हे कोल्हापूरचं नेहमीचं गणित दहावीच्या वर्षी चालत नाही.

फुटबॉलचंही तेच आहे. ला लीगा ऑगस्टमध्ये सुरू होते आणि मेच्या अखेरीस संपते. जूनमध्ये गेलं तर स्टेडियम बघायला मिळेल, मॅच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये माद्रिदचा पारा चाळिशीला टेकतो. उन्हाळा टाळायला युरोप गाठायचा आणि तिथं सांगलीचा मे भोगायचा, यात काही अर्थ नाही.

दहावीच्या मुलांसाठी उरतो तो एप्रिल. परीक्षा झालेली असते, निकाल लांब असतो, लीग ऐन रंगात असते आणि हवा छान असते. फक्त ईस्टरचा आठवडा टाळावा. स्पेनमध्ये तो मोठा सण आहे, हॉटेलं महागतात आणि गाड्या भरतात. ईस्टर दरवर्षी सरकतो. २०२७ मध्ये तो २८ मार्चला आहे, म्हणजे त्या वर्षी जवळजवळ अख्खा एप्रिल मोकळा मिळतो. आठवी-नववीच्या मुलांना दिवाळीची सुट्टीही चालते. तेव्हा लीग चालू असते आणि गर्दी कमी असते, फक्त दिवस लहान होत जातो.

पासपोर्ट : सगळ्यात स्वस्त काम, सगळ्यात महाग चूक

आई-बाबांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, पण लहानपणी काढलेला मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. पाचवीत असताना काढलेला पासपोर्ट दहावीत येईपर्यंत संपलेला किंवा संपायला आलेला असतो आणि हे बहुतेकांच्या व्हिसाचा फॉर्म भरताना लक्षात येतं. शेंगेन देशांचा नियम असा की परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध हवा, तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत.

कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र असल्यामुळं यासाठी पुण्याला धावायला लागत नाही. एप्रिलचा प्रवास असेल तर दिवाळीच्या आत नवा पासपोर्ट हातात हवा. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना दहा वर्षांच्या पासपोर्टचा पर्यायही आहे. शिक्षणासाठी पुढं बाहेर जायचा विचार असेल तर तोच घेतलेला बरा.

नावांचा घोळ इथंच निस्तरावा. आईच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, मुलाच्या जन्मदाखल्यावर सासरचं; कुठं वडिलांचं नाव नुसतं, कुठं ‘राव’ लावून. घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. व्हिसा तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र ही दोन वेगळी माणसं वाटू शकतात.

व्हिसा नाकारला तर?

२०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यांतले साधारण १ लाख ६५ हजार नाकारले गेले. म्हणजे शंभरातले पंधरा. फी परत मिळत नाही. जून २०२४ पासून ही फी माणशी ९० युरो आहे. सहा ते बारा वयाच्या आतल्या मुलांना निम्मी सवलत मिळते, पण पोरगं बारा वर्षांचं झालं की पूर्ण फी. तिघांचे २७० युरो, म्हणजे युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर २७ हजार रुपये. सेवाशुल्क आणखी वेगळं.

स्पेनचे अर्ज भारतात बीएलएस इंटरनॅशनल या कंपनीमार्फत स्वीकारले जातात आणि महाराष्ट्रातल्या अर्जांवर निर्णय मुंबईतली स्पेनची वकिलात घेते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण शंका आली तर ते पंचेचाळीस दिवसांपर्यंत थांबवू शकतात. शेवटच्या क्षणी अर्ज करणारे इथंच फसतात.

बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. म्हणजे दहावीचा विद्यार्थीही आला. एप्रिलच्या प्रवासासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये अपॉइंटमेंट घेतली तर ती नेमकी परीक्षेत येते. शहाणपणाचा महिना जानेवारीचा पहिला पंधरवडा, पूर्वपरीक्षेच्या तारखा बघून. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी मुंबईत उतरायचं, काम उरकून परत रात्रीची गाडी. शाळेचा एक दिवस जातो. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळं त्या मुदतीत पुन्हा युरोपला जायचं झालं तर सहसा नव्यानं द्यावे लागत नाहीत.

कागदपत्रांत नोकरदारांचं काम सोपं आहे : पगाराच्या पावत्या, रजेचं पत्र, आयकर विवरणपत्र, बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट. पण कोल्हापूर हे फाउंड्रीचं, गुळाच्या अडतीचं, दुकानदारीचं आणि उसाचं शहर आहे. इथल्या अनेक घरांत खरी मिळकत बरीच आणि कागदावरची कमी, असं चित्र असतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यानं विवरणपत्रात ते ठळकपणे दिसत नाही. अशा वेळी सातबारा आणि कारखान्याची ऊसबिलं इंग्रजी भाषांतरासह जोडावीत आणि पैसा कुठून येतो हे सोबतच्या पत्रात दोन परिच्छेदांत सरळ लिहावं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात पाहुण्याकडून चार लाख उसने घेऊन खात्यात टाकणं हा जुना उपाय आहे आणि तो लगेच ओळखू येतो.

खात्यात किती हवेत? स्पेनचा हिशेब त्यांच्या किमान वेतनावर बांधलेला आहे : माणशी दिवसाला किमान मासिक वेतनाच्या १० टक्के आणि मुक्काम कितीही छोटा असला तरी माणशी एकूण ९० टक्के. २०२५ चं किमान वेतन १,१८४ युरो धरलं तर दिवसाला ११८ युरो ४० सेंट आणि नऊ दिवसांपर्यंत माणशी १,०६५ युरो ६० सेंट. तिघांचे साधारण ३,२०० युरो होतात. हा किमान आकडा आहे. प्रत्यक्षात खात्यात याहून सैलसर शिल्लक असावी.

मुलांसाठी जन्मदाखला, दोन्ही पालकांची संमती आणि शाळेचं पत्र लागतं. आई किंवा वडील यांपैकी एकटंच मुलाला घेऊन जाणार असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र अत्यावश्यक. पालक विभक्त असतील तर ताब्याचा न्यायालयीन आदेश जोडावा. किमान ३० हजार युरोंचा प्रवासविमा प्रत्येकाला हवा.

दोन गैरसमज इथंच मिटवलेले बरे. एक, ‘अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून दुसऱ्या देशाचा व्हिसा काढून स्पेनला जाऊ.’ नियमानुसार जिथं जास्त रात्री राहणार त्याच देशाकडं अर्ज करायचा असतो. रात्री सारख्या असतील तर जिथं आधी पाय ठेवणार त्या देशाकडं. खोटं वेळापत्रक दाखवलं तर पुढच्या अर्जांवर डाग राहतो. दुसरा गैरसमज ‘एटियास’ नावाच्या ऑनलाइन परवान्याचा. तो ज्यांना व्हिसा लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांना तो विकणारी वेबसाइट दिसली तर तिथून निघून जावं.

व्हिसा हाती येईपर्यंत विमानाचं परत न मिळणारं तिकीट काढू नये. अर्जाला आरक्षण दाखवलं तरी पुरतं.

विमान, पैसे आणि मुंबईचा मुक्काम

मुंबईहून स्पेनला जाताना बहुतेकांना आखाती शहरात, इस्तंबूलला किंवा युरोपातल्याच एखाद्या शहरात विमान बदलावं लागतं. तिकीट माद्रिदला उतरून बार्सिलोनाहून परतीचं काढावं. किंमत सहसा फार बदलत नाही आणि उलटा प्रवास वाचतो. कोल्हापूर-मुंबई विमान आणि आंतरराष्ट्रीय विमान वेगवेगळ्या तिकिटांवर असतील, तर पहिलं रद्द झाल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. एक रात्र मुंबईत काढणं हा खर्च नाही, विमाच आहे.

ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर नवी नोंदणी यंत्रणा सुरू झाली आहे. शिक्क्याच्या जागी चेहऱ्याचा फोटो आणि डिजिटल नोंद होते. त्यामुळं विमान बदलायला दीड तास ठेवलेलं तिकीट स्वस्त दिसलं तरी घेऊ नये.

यूपीआयच्या भरवशावर निघू नये. एक फॉरेक्स कार्ड, एक क्रेडिट कार्ड आणि थोडे रोख युरो, तेही दोघांकडं विभागून. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस कापला जातो. तो बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण त्या वेळी खिशातून जातो, हे बजेटमध्ये धरावं.

चार रात्री माद्रिद, चार रात्री बार्सिलोना

सेव्हिल, ग्रॅनडा, व्हॅलेन्सिया सगळंच बघायचा मोह होतो. आठ रात्रींत पाच शहरं केली तर सुटकेसच बघून होतात. मोठ्यांना ते चालून जातं, पंधरा वर्षांचं पोरगं चौथ्या दिवशी फुगून बसतं. माद्रिद ते बार्सिलोना अंतर सहाशे किलोमीटरच्या वर आहे आणि वेगवान रेल्वे ते सुमारे अडीच तासांत कापते. कोल्हापूर-मुंबई त्याहून जवळ असून महालक्ष्मीत रात्र जाते. या मार्गावर रेन्फे, उइगो आणि इर्यो अशा तीन कंपन्यांची स्पर्धा असल्यानं लवकर काढलेलं तिकीट बरंच स्वस्त पडतं.

माद्रिदमध्ये प्रादो आणि रेइना सोफिया या दोन्ही मोठ्या संग्रहालयांत १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. प्रादोत संध्याकाळचे शेवटचे दोन तास सगळ्यांनाच फुकट असतात, फक्त रांग लांब असते. प्रादोत फोटो काढता येत नाहीत, हे मुलांना दारातच सांगून ठेवावं. रेइना सोफियात पिकासोचं ‘गेर्निका’ आहे : साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब. २६ एप्रिल १९३७ ला जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका गावावर बॉम्ब टाकले, त्यावरचं हे चित्र. चित्रकलेत रस नसलेली मुलंही यापुढं थांबतात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धाचा धडा ताजा असेल तर. मंगळवारी हे संग्रहालय बंद असतं.

बार्सिलोनात सग्रादा फमिलिया चुकवू नये. १८८२ मध्ये सुरू झालेलं हे चर्च. अंतोनी गौदींनी पुढच्याच वर्षी काम हाती घेतलं आणि १९२६ मध्ये ट्रामच्या धडकेनं त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते त्यात गुंतलेले होते. मधल्या मनोऱ्याची ठरलेली उंची १७२.५ मीटर. आतले खांब झाडांसारखे वर जाऊन फांद्या फुटल्यागत छताला भिडतात. खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात उभं राहून वर बघितलेल्या पोरांना दगडाची ही भाषा अनोळखी वाटत नाही. तिकीट ऑनलाइन, ठरलेल्या वेळेचं. तिथं जाऊन काढू म्हणणारे बाहेरूनच फोटो काढून परततात. पार्क ग्युएलचंही तसंच.

राहायला घर भाड्यानं घेणार असाल तर परवाना क्रमांक बघा. वाढत्या घरभाड्यांवरून बार्सिलोनात पर्यटकांविरोधात मोर्चे निघाले आहेत, २०२४ च्या जुलैत तर काहींनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. पर्यटकांना दिली जाणारी सगळी घरं नोव्हेंबर २०२८ पर्यंत बंद करायचं महापालिकेनं जाहीर केलं आहे. शहरात हॉटेलच्या बिलावर पर्यटन कर लागतो, १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना तो माफ आहे.

मॅचचं काय?

इथं भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. ला लीगाच्या यादीत सामन्याचा शनिवार-रविवार आधीपासून दिसतो, पण नेमका दिवस आणि वेळ काही आठवडे आधीच पक्की होते. शुक्रवार ते सोमवार काहीही होऊ शकतं. रविवारची मॅच धरून रविवारी रात्रीचं विमान काढलं आणि मॅच सोमवारी गेली, तर दोष कुणाला देणार? ज्या शहरातली मॅच बघायची, तिथं शुक्रवार ते मंगळवार मुक्काम ठेवणं हाच उपाय. तिकीट क्लबच्या अधिकृत वेबसाइटवरूनच घ्यावं.

कॅम्प नोऊचं नूतनीकरण २०२३ पासून चालू आहे. दोन वर्षांहून जास्त काळ बार्सा मोंजुइकच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर खेळत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये संघ घरी परतला, तोही सुमारे ४५ हजार प्रेक्षकांना परवानगी मिळाल्यावर. काम टप्प्याटप्प्यानं होत असल्यानं स्टेडियम बघायला काय खुलं आहे हे जाण्याआधी तपासावं. माद्रिदचं बेर्नाबेउ उघड-बंद होणाऱ्या छतासह तयार आहे. मॅच जमली नाही तर निदान तिथली फेरी होते.

‘फुटबॉल फुटबॉल करून अभ्यास बुडतो’ म्हणणाऱ्या आई-बाबांसाठी एक माहिती : बार्साचा लामिन यमाल २०२४ ची युरो स्पर्धा खेळायला गेला तेव्हा सोबत शाळेचा गृहपाठ घेऊन गेला होता. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी तो १७ वर्षांचा झाला. स्पेननं चषकही जिंकला आणि शाळेची परीक्षाही तो पास झाला.

तांबडा-पांढरा नाही, मग खायचं काय?

स्पेनचं जेवण आपल्या मानानं अळणी. शिवाय वेळा वेगळ्या : दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळात बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर बंद असतं. उशिरा उठणाऱ्या पोरांना हे घड्याळ मानवतं, संध्याकाळी साडेसातला ताट लागणाऱ्या आजी-आजोबांना नाही. आठवड्याच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ मागावा. ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, पाव आणि गोड मिळतं.

शाकाहारी मंडळींनी नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. भाजीच्या पदार्थातही हॅमचे तुकडे किंवा टूना असू शकतो. ‘सिन हामोन, सिन आतुन’ हे चार शब्द पाठ करावेत. अंडं चालत असेल तर बटाट्याचं तोर्तिया सगळीकडं मिळतं. टोमॅटो चोळलेला पाव, पातातास ब्रावास, गाझपाचो हेही आहेत. नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं.

घरून काय न्यायचं? भडंग, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला नीट पॅक करून चालतो. पण बाहेरच्या देशातून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा घरीच राहू द्यावा. एप्रिलमध्ये हापूसची पेटी नेण्याचा मोह होतो, पण वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आंबाही चालत नाही.

पोरांच्या हातात काय द्यायचं?

मेट्रोचा नकाशा आणि एक पूर्ण दिवस. तो दिवस कुठं जायचं, किती वाजता निघायचं, कुठं खायचं हे त्यांनीच ठरवायचं, आई-बाबांनी मुकाट मागं चालायचं. रोज अर्धा दिवस मोकळा ठेवला तर उरलेल्या अर्ध्यात संग्रहालयं सुखानं होतात.

मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवावा आणि प्रत, फोटो, विम्याचा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये. बार्सिलोनाची मेट्रो आणि ला रांब्ला रस्ता खिसेकापूंसाठी कुप्रसिद्ध आहे. मॅचच्या गर्दीत पोरांचा फोन मागच्या खिशात नको. आणीबाणीचा क्रमांक ११२. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग माद्रिदमधला भारतीय दूतावास. मद्याचं किमान वय १८ आहे, हेही एकदा स्पष्ट बोललेलं बरं.

जाता जाता, कोल्हापूरच्या युरोपवारीचा इतिहास जुना आहे. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये इंग्लंड आणि युरोपच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा वीस वर्षांचे होते. परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. अर्नो नदीच्या काठी संगमावर अंत्यसंस्कार झाले. तिथं त्यांचं छत्रीस्मारक आजही उभं आहे आणि जवळच्या पुलाला ‘इंडियानो’चा पूल म्हणतात. दौऱ्यात त्यांनी लिहिलेली रोजनिशी पुढं १८७२ मध्ये प्रसिद्ध झाली.

खरेदीची पावती जपून ठेवावी. स्पेनमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या पर्यटकांना व्हॅटच्या परताव्यासाठी किमान खरेदीची अट नाही. दुकानात पासपोर्ट दाखवून ‘दिवा’चा फॉर्म मागायचा. बार्सिलोनाहून थेट आखाताकडं परतणार असाल, तर विमानतळावर बॅगा देण्याआधी यंत्रावर तो नोंदवायचा. वस्तू दाखवायला सांगू शकतात, त्यामुळं नवी जर्सी बॅगेच्या तळाशी भरू नये. अर्थात, ती एव्हाना अंगावरच असते.